उन्हात धरायला आणलेली मुलगी

दार उघडलं तर बाहेर बाइंडर उभा. माझ्या मुलाने पसंत केलेल्या मुलीचे अब्बा येणार हे ठरलेलंच होतं, चहाचं आधण ठेवलेलं होतं, खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग मी पलंगाखाली ढकलला होता. पण ते अब्बा म्हणजे हा पुस्तकं बांधणारा बाइंडर, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओळखायला वेळ लागला नाही. दाढी पांढरी झालेली, पाठीला पोक आलेलं, पण उजव्या हाताचं पहिलं बोट तसंच अर्धं, कागद कापायच्या यंत्राखाली गेलेलं. त्यानेही मला निरखलं आणि मग असा काही हसला की समोरच्या दारातली बाई डोकावून गेली. "अहो भाभी, तुम्ही! आमच्या गॅलरीत दोन दारं सोडून राहायचात की!" मग माझ्या मुलाकडे वळून, "अरे, तुला मी फडक्यात गुंडाळलेला पाहिलाय. तू आधी आलास आणि पाठोपाठ ही आमची चिमणी!" माझा मुलगा लाजला. सत्तावीस वर्षांचा घोडा, दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा ओढतो, आणि लाजला. बाइंडरच्या मागे ती मुलगी उभी होती, तीही हसली. "घरातलंच माणूस निघालं," बाइंडर म्हणाला, "अल्लाहची मेहेरबानी. आता कसली चौकशी आणि कसलं काय! हिची अम्मी असती तर नाचली असती आज." मी म्हटलं, बसा, चहा आणते, आणि आत जाऊन गॅससमोर उभी राहिले. चहा माझ्या डोळ्यांदेखत उतू गेला. मुलगी आत आली, माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन ओटा पुसायला लागली. "खाला, तुम्ही बसा बाहेर, मी बघते." रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे ती, हात हलका आहे, लोक म्हणे सुई कधी टोचली ते विचारतात. याआधी तीनदा आली होती घरी, तिन्ही वेळा मला आवडली होती. आई लवकर गेली एवढंच माहीत होतं, आणि त्यावर खोदून विचारायला मला कसंतरी वाटलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. वरचा ओठ मध्ये किंचित वर उचललेला. तो ओठ मला माहीत होता. डोळ्यांना नव्हे, अंगाला माहीत होता. पदर छातीवर घट्ट ओढून मी बाहेर येऊन बसले, आणि लग्नाची तारीख ठरली, महिन्याभरावरची.

आमच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच. ज्या बाईने तान्ह्या मुलाला पाजलं ती त्याची आई, तिची मुलं त्याची भावंडं, आणि भावंडांचं लग्न होत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच पाजलं की सांगायचं असतं, चार माणसांत, हे मूल कोणाचं आणि कोणी पाजलं ते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी सांगितलं नव्हतं. मी मोठी सदका, दानधर्म करणारी ना! माझी आई दारावर आलेल्याला देताना तोंड फिरवून द्यायची. म्हणायची, घेणाऱ्याचा चेहरा दिसला की लक्षात राहतो, लक्षात राहिला की आपण मनातल्या मनात मोठ्या होतो, आणि तेवढ्यानेच सगळं वाया जातं. दिलं की हात धुवायचे, कामाला लागायचं. मोजायचं तर मुळीच नाही, मोजणारा वेगळा आहे. ती गेली तेव्हा कुठल्या कुठल्या बायका येऊन रडल्या, आणि कशासाठी रडतायत ते एकीनेही सांगितलं नाही. मला तसं व्हायचं होतं. आता वाटतं, तसं व्हायचं होतं म्हणजे काय? कोणीतरी मला तशी म्हणावं असंच ना? गुपचूप देण्याचा पण एक माज असतो. तो कोणाला दिसत नाही, म्हणून तर जास्त चढतो.

सोमवारी कामावर गेले. शर्टांच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे, एकोणीस वर्षं झाली. कॉलरखाली पुठ्ठ्याची पट्टी, आत पातळ कागद, बाह्या मागे वळवून दोन टाचण्या, खाली दोन, मग पिशवी, आणि बारा झाले की खोका. माझा खोका उघडून कोणी मोजत नाही. सुपरवायझर म्हणतो, हिच्या बोटांत मीटर बसवलाय. त्या दिवशी एका खोक्यात अकरा गेले आणि दुसऱ्यात तेरा. शेजारच्या टेबलावरची, जिला आम्ही रेडिओ म्हणतो, तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, सून यायच्या आधीच हात थरथरायला लागले? आल्यावर काय करशील?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मुलगा सकाळीच भिंतीला टेप लावून कपाटाचं माप घेत होता, शीळ घालत. बाप गेल्यापासून या पोराने घरात शीळ घातली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी शाळा-कॉलेज सगळं गुंडाळून कामाला लागला, कधी तक्रार नाही, कधी हट्ट नाही. सत्तावीस वर्षांत त्याने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि ती मागताना मला म्हणाला काय, "अम्मी, तुला चालेल ना?"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मशिदीत गेले. इमामसाहेबांची खोली चपलांच्या मांडणीशेजारी, दारात त्यांची बायको भाजी निवडत बसलेली. तिने मला आत बसवलं आणि स्वतःही दारातच बसून राहिली, ते बरं झालं. इमामसाहेब माझ्या मुलाच्या वयाचे, नाक सर्दीने लाल झालेलं. सतरंजीकडे बघत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कोणाचं नाव मी घेतलं नाही, एका बाईने एका मुलीला पाजलं होतं असं म्हटलं. पण 'एका बाईने' म्हणताना माझा आवाज असा चिरकला की त्यांच्या बायकोने भाजी निवडायची थांबवली. "किती वेळा?" इमामसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, मोजलं नव्हतं. देताना मोजू नये असं शिकवलं होतं. त्यावर ते म्हणाले, "इतर काहीजण एकदा पाजलं तरी पुरे म्हणतात, पण आपल्याकडे पाच. पाच वेगवेगळ्या वेळा, पोटभर, मुलाने आपणहून तोंड सोडेपर्यंत. चार असतील तर नातं लागत नाही, लग्न बिनधास्त होऊ द्या. आकडा नक्की सांगता येत नसेल तरीही अडत नाही. पण आठवून पाहा, अम्मा. आठवणाऱ्या त्या एकट्याच उरल्या असतील तर त्यांनी नीट आठवून पाहिलं पाहिजे." मी विचारलं, इतक्या वर्षांनी सांगणं म्हणजे केलेलं बोलून दाखवणं नाही का झालं? ते म्हणाले, "ही साक्ष आहे. बोलून दाखवणं वेगळं." एवढं सांगून त्यांनी नाक शिंकरलं. मी उठले, सुट्टी संपत आली होती.

मग मी आठवायला बसले, म्हणजे शर्ट घड्या करता करता आठवायला लागले. माझी जुळी होती. मुलगा आणि मुलगी. मुलगी अकरा दिवस जगली. डावी बाजू तिची होती. तिला उजवीकडे धरता यायचंच नाही, तोंड फिरवायची, एवढीशी पण स्वभाव पक्का. ती गेली आणि डावी बाजू भरत राहिली. शरीराला काय कळतं? पोरगं उजवीकडे पिऊन झोपायचं आणि मी डावीकडचं दूध मोरीत पिळायचे, नळ सोडून, म्हणजे पांढरं वाहताना दिसू नये. त्याच दिवसांत बाइंडरच्या घरून रडणं ऐकू यायला लागलं. मूल पिवळं पडलं होतं, डॉक्टरने उन्हात धरायला सांगितलं होतं, आणि ऊन यायचं ते माझ्या खिडकीत. म्हणून बाइंडरची बायको तिला घेऊन दुपारी माझ्याकडे यायची. तिला दूध नव्हतं. सासू येता-जाता तिला कोरडी म्हणायची, आणि वरचं दूध आणायचं नाव काढलं तर, खानदानात असलं कधी झालं नाही म्हणायची. पहिल्या दुपारी ती खिडकीत बसली होती, मूल रडायचंही थांबलं होतं, नुसतं तोंड उघडत होतं. मी काही विचारलं नाही. घेतलं आणि डावीकडे लावलं. बाइंडरच्या बायकोने भिंतीकडे तोंड केलं आणि ओढणी दातांत धरून रडली. ही झाली पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी दुसरी. पिऊन झाल्यावर त्या मुलीला उचक्या लागल्या आणि आम्ही दोघी घाबरलो, मग हसलो. तिसऱ्या वेळी माझा मुलगा उठून टाहो फोडत होता, तरी मी आधी तिला पाजलं, कारण त्याच्या रडण्यात जोर होता आणि तिच्या नव्हता. खरं देणं म्हणाल तर तेवढंच. बाकीचं मोरीतलं दूध, मोरीत गेलं असतं ते तिच्या पोटात गेलं. चौथ्या वेळी बाइंडरच्या बायकोने हातातली अंगठी काढून माझ्यापुढे धरली. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, वेडी आहेस का, ठेव ती. ती म्हणाली, कोणाला सांगू नका भाभी, माझ्या सासूला कळलं तर मला जगू देणार नाही. मी म्हटलं, अल्लाहसाठी केलंय, त्यालाच माहीत राहील. किती ऐटीत म्हटलं होतं मी ते! त्यानंतर बाइंडरनेच आपल्या आईशी भांडून पावडरचा डबा आणला, मूल बाळसं धरायला लागलं, पुढच्याच महिन्यात आम्ही ते घर सोडलं, आणि विषय संपला.

चार. मी हातातला शर्ट खाली ठेवला. चार! रेडिओने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, चहा पाजते तुला आज. ती म्हणाली, घड्याळाकडे बघा गं बायांनो, चमत्काराची वेळ टिपून ठेवा. संध्याकाळी घरी आले तर मुलगा कपाटाला रंग कोणता द्यावा म्हणून दोन पट्ट्या हातात घेऊन बसला होता. मी म्हटलं, पांढरा दे, उजेड वाटेल. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मी त्याला मारायचे तशी, आणि म्हणाला, "तिनेही पांढराच म्हटला." माझा जीव भांड्यात पडला होता. मी जेवले, दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर.

पण खोटं कशाला बोलू. इमामसाहेबांसमोर बसले होते तेव्हाही पाचवी वेळ मला माहीत होती. त्यांनी 'पाच' म्हटलं तेव्हा माझ्या डाव्या अंगाला कळलं होतं. मी ती मोजत नव्हते, कारण ते देणं नव्हतं. पावडरचा डबा आल्यानंतर आठवड्याने बाइंडरची बायको दवाखान्यात गेली, सासू गावाला गेलेली, तेव्हा मुलीला अर्धा तास माझ्यापाशी ठेवून गेली. म्हणाली, आत्ताच बाटली दिलीय, आता तास-दोन तास उठायची नाही. आणि खरंच ती झोपलेली होती, पोट गच्च, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. माझा मुलगाही झोपलेला. खोलीत ऊन होतं. मी दोघांना शेजारी शेजारी ठेवलं, जसे माझे दोघे असायचे तसे. मग मी तिच्या गालाला बोट लावलं. झोपेत तोंड फिरवलं तिने, बोटाच्या दिशेने. मुलं फिरवतातच, त्यात काही नाही. पण तिने डावीकडे फिरवलं. मी तिला उचललं. ती जागी झाली, भूक नसताना चुळबुळली, आधी तोंड काढून घेतलं. मी परत लावलं. मी तिला माझ्या मुलीच्या नावाने हाक मारली, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि ती प्यायली, पोट भरलेलं असताना प्यायली, आपणहून सोडेपर्यंत. मला त्या वेळी अल्लाह आठवला नाही, सवाब, पुण्य आठवलं नाही, दारात तोंड फिरवून देणारी माझी आई आठवली नाही. मला माझी मुलगी हवी होती आणि ती माझ्या मांडीवर होती. बाइंडरची बायको परत आली तेव्हा म्हणाली, रडली नाही ना? मी म्हटलं, नाही. तिच्यापासूनही लपवलं. चार वेळा लपवलं ते देण्याचं होतं म्हणून, आणि हे लपवलं ते चोरीचं होतं म्हणून. आणि या सत्तावीस वर्षांत दोन्ही लपवाछपव्या मी एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या आणि त्याला नेकी म्हणत राहिले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कोणाला कळणार होतं? बाइंडरची बायको कबरीत, तिची सासू तिच्याही आधी गेलेली, माझा नवरा नाही. पाचवी वेळ तर पाजलेल्या मुलीच्या आईलाही माहीत नव्हती. मी एकटी. मी चार म्हटलं की चार. मुलगा कपाट रंगवत होता, बाइंडर एका संध्याकाळी येऊन पाहुण्यांची यादी ठेवून गेला, अर्ध्या बोटाने एकेक नाव दाखवत. मुलगी कामावरून येता येता माझ्या गुडघ्यांसाठी तेल घेऊन आली, बसून चोळून दिलं, मी नको नको म्हणत असताना. "खाला, लग्नानंतर तुम्ही कामाला जायचं नाही हां, नुसतं घरात बसून आमच्यावर ओरडायचं." तिचे हात माझ्या गुडघ्यांवर, केस पुढे आलेले, आणि मला इतकं बरं वाटत होतं की रडू येईल. ही घरात येईल. रोज दिसेल. मी म्हातारी होईन आणि ही माझं करेल. तिथेच मी सापडले. मुलाचं लग्न, मुलाचा आनंद, सगळं खरं. पण त्याच्या तळाशी मी बसले होते, पुन्हा एकदा दुसऱ्याची मुलगी मांडीवर ओढून, तिचं पोट भरलेलं असताना.

रविवारी दुपारी मी दोघांना बसवलं. मुलाला वाटलं दागिन्यांबद्दल बोलायचंय. मी सरळ सांगितलं, न रडता, जसं इमामसाहेबांना सांगायला हवं होतं तसं. मुलगी खुर्चीत, मुलगा पलंगाच्या कडेवर, हाताला पांढरा रंग लागलेला. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतेय, तो हसलासुद्धा. मग म्हणाला, "किती वेळा? चार म्हणजे चालतं ना? मी ऐकलंय, चार असले तर चालतं." म्हणजे त्यालाही माहीत होतं, शेंबडं पोर नव्हता तो. मी म्हटलं, पाच. मुलीने विचारलं, "अम्मीला माहीत होतं?" अम्मीला चार माहीत होत्या, मी म्हटलं. "मग पाचव्यांदा का? मी रडत होते? भूक लागली होती मला?" इतक्या आशेने विचारलं तिने. हो म्हणायला काय लागत होतं? भुकेल्या मुलाला पाजलं म्हटलं तर निदान लग्न मोडायला एखादं चांगलं कारण मिळालं असतं तिला. मी म्हटलं, "नाही. तुझं पोट भरलेलं होतं. माझी मुलगी गेली होती. मला तू हवी होतीस."

ती हळूच म्हणाली, "तिच्या नावाने हाक मारली असेल तुम्ही मला." मी मान हलवली. "मी ती नाही, खाला," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी सहन केलं असतं. तिने ओढणी सारखी केली, पर्स घेतली, दाराशी चपला घातल्या. दर वेळी मुलगा तिला खाली बसपर्यंत सोडायला जातो. तोही उठला, दोन पावलं गेला, आणि खोलीच्या मध्ये उभा राहिला. आता तिला सोडायला काय म्हणून जायचं ते त्याला कळेना. तिलाही कळेना. ती एकटीच उतरली. आम्ही दोघं तिच्या पायांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकत होतो.

तो परत पलंगावर बसला. बोटांवरचा रंग नखाने खरवडत राहिला. खूप वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक कमी सांगितली असतीस, अम्मी. कोणाला कळलं असतं?"

"कोणाला नाही."

"तुला वाटलं नाही एकदाही?"

"वाटलं ना. चारच सांगायचं ठरवलं होतं."

"मग?"

त्याचा चेहरा असा झाला होता की मी काहीही सांगितलं असतं तर त्याने ते घट्ट धरून ठेवलं असतं. माझ्याकडे उत्तर होतं. तेल लावणारे तिचे हात, आणि त्यांखाली बसलेली मी, ते सगळं सांगता आलं असतं. पण सांगताना मी चांगली ठरले असते. त्याला वाटलं असतं, आपल्या अम्मीने किती मोठी गोष्ट सोडली. खरं तर सोडावी लागली होती ती त्याला. मी गप्प बसले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी काही बोलेन म्हणून, आणि मी बोलत नाही असं दिसल्यावर तो उठला आणि मला ओलांडून बाहेर गेला, रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्यातरी परक्या बाईला ओलांडून जावं तसा.